छायाचित्रात तीस टक्के बदल केला म्हणजे चित्र स्वतंत्र होत नाही

दुसऱ्याच्या छायाचित्रात तीस टक्के बदल करून रंगवलेले चित्र आपले ठरते, हा समज मराठवाड्यातील चित्रकारांतही घट्ट रुजला आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, 1957 मध्ये अशी कोणतीही टक्केवारी नाही. या कायद्याने छायाचित्र हीसुद्धा कलाकृती मानली असून, तिची कोणत्याही माध्यमात, म्हणजे तैलरंगातही, प्रतिकृती करण्याचा हक्क हक्कधारकाकडे असतो आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही.

वेरूळचे कैलास लेणे कोणीही खुशाल रंगवावे. आठव्या शतकातील त्या निर्मितीवर आज कोणाचाही प्रताधिकार नाही. मात्र छायाचित्रकाराने वरच्या कड्यावर उभे राहून, तिरप्या उन्हात ध्वजस्तंभाची सावली अंगणात हवी तशी पडेपर्यंत थांबून टिपलेली चौकट ही त्याची स्वतःची मांडणी आहे, आणि या कष्टाची दखल आपल्याकडे फार कमी घेतली जाते. तोच कोन आणि तीच सावली ठेवून केवळ आकाशाचा रंग बदलला, तर मूळ कृतीचा महत्त्वाचा भाग उचलला गेला का, हाच प्रश्न उरतो. कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात स्पष्ट केले आहे.

खाजगी सरावाला कलम 52 मध्ये वाव आहे; प्रदर्शन आणि विक्रीसाठी मात्र लेखी परवानगी घ्यावी. चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव लिहिणे म्हणजे परवानगी नव्हे. प्रकाशित छायाचित्राचा प्रताधिकार छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो.