ईपीआर विरोधाभास

अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचे वर्तन सांगणारा पुंजयामिकी ऊर्फ क्वांटम मेकॅनिक्स हा सिद्धांत अपुरा आहे, हे दाखवण्यासाठी १९३५ मध्ये मांडलेला वैचारिक प्रयोग. आल्बर्ट आइन्स्टाइन, बोरिस पोडॉल्स्की आणि नेथन रोझेन यांच्या आद्याक्षरांवरून तो ‘ईपीआर’. ‘फिजिकल रिव्ह्यू’मधला मूळ लेख अवघ्या चार पानांचा आहे. तो पोडॉल्स्कींनी लिहून काढला. मुख्य मुद्दा पांडित्याखाली दबला, अशी कुरकुर आइन्स्टाइन यांनी भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंजर यांना लिहिलेल्या पत्रात आहे. लेखात कणाचे स्थान आणि संवेग यांचा विचार होता. आज शिकवतात ते स्पिनचे (कणाचा फिरकीसारखा अंगभूत गुण; इलेक्ट्रॉनसारख्या कणाचे कोणत्याही दिशेत मोजले तरी उत्तर दोनपैकी एकच, ‘वर’ किंवा ‘खाली’) सोपे रूप डेव्हिड बोम यांचे, १९५१ चे.

जळगाव स्टेशनावर चपलांचा एक जोड न बघता दोन खोक्यांत बंद केला. एक खोके सुरत लाइनने नंदुरबारला गेले, दुसरे भुसावळमार्गे अकोल्याला. नंदुरबारला डावी निघाली की अकोल्यात उजवी, हे तत्क्षणी कळते. यात नवल कसले? ती जळगावहूनच उजवी निघाली होती. पुंजयामिकी मात्र म्हणते की अशा जोडीने निघालेल्या दोन कणांच्या बाबतीत खोके उघडेपर्यंत डावे-उजवे ठरलेलेच नसते. आइन्स्टाइन यांचा आक्षेप इथेच आहे: अकोल्याच्या खोक्याला हातही न लावता आतले खात्रीने सांगता येत असेल, तर ते आधीच ठरलेले असणार. सिद्धांतात त्याची नोंद नाही, म्हणून सिद्धांत अपुरा. पुंजयामिकीचे एक शिल्पकार नील्स बोर यांनी त्याच वर्षी, त्याच मथळ्याखाली उत्तर दिले. ते आजही वाचकाला दमवते.

याच सुरत लाइनवरच्या अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्यामुळे ‘सत् म्हणजे काय’ हा वाद खानदेशाला परका नाही. मात्र ईपीआरचा अद्वैताशी जोडला जाणारा संबंध ओढूनताणून आणलेला आहे.

बहुतेक लेख चपलांवरच थांबतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये पुढचे पाऊल टाकले. चपलेला एकच प्रश्न विचारता येतो. कणाचे स्पिन मात्र एकमेकींशी १२० अंश करणाऱ्या तीन दिशांपैकी कोणत्याही दिशेत मोजता येते. दोन्हीकडे दिशा एकच असेल, तर उत्तरे नेहमी उलट येतात. आता तिन्ही दिशांची उत्तरे जळगावलाच ठरली असे धरा. उत्तरे दोनच प्रकारची, दिशा तीन. म्हणजे कोणत्या तरी दोन दिशांचे उत्तर सारखे असणारच. म्हणून दोन्हीकडे वेगवेगळ्या दिशा निवडल्या, तर सरासरी किमान एक-तृतीयांश वेळा उत्तरे उलट यायला हवीत. पुंजयामिकीचे गणित सांगते एक-चतुर्थांश.

प्रयोगांनी कौल पुंजयामिकीला दिला: १९७२ मध्ये फ्रीडमन आणि क्लाउझर, १९८२ मध्ये आस्पे, २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या हिऱ्यांतील इलेक्ट्रॉन. क्लाउझर, आस्पे व त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. तरी या मार्गाने नंदुरबारहून अकोल्याला निरोप धाडता येत नाही; एकेका टोकाला दिसतो तो निव्वळ छापा-काटा, मेळ कळतो तो दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर. आइन्स्टाइन यांचे कोणते गृहीतक सोडायचे (उत्तर मोजण्याआधीच ठरलेले असते हे, की एका टोकाच्या मापनाचा दुसऱ्या टोकावर परिणाम होत नाही हे), यावर भौतिकशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.