चढावरचा घाम, उतारावरचा वारा

थंड हवेत सायकल चालवण्यासाठी कपडे निवडताना बहुतेक जण तापमानाचा आकडा पाहतात. पण घाम आणि वारा यांचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे, आणि या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी सायकलस्वार स्वतःच निर्माण करतो.

स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातील साधारण २० ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोहोचते आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे चढावर पॅडलवर १५० वॅट शक्ती लावणाऱ्याच्या शरीरात निदान ४५० वॅट उष्णता तयार होत असते. स्वस्थ बसलेल्या माणसात ती जेमतेम १०० वॅट असते. चढ संपून उतार लागला की पाय थांबतात, उष्णता झपाट्याने घटते आणि नेमका तेव्हाच वेग वाढतो. ५ अंश सेल्सिअस तापमानात ताशी ३० किलोमीटर वाऱ्याचा झोत उघड्या त्वचेला शून्य अंशासारखा बोचतो. अंगातले कपडे चढावर भिजलेले असतील तर हाल आणखी वाढतात, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते.

म्हणूनच सर्वांत आतल्या थराची निवड मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सुती बनियन घाम शोषून ओलेच राहते. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे घाम धाग्यांमधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो. मात्र त्यासाठी कपडा अंगाला चिकटून बसणारा हवा. मेरिनो लोकर वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही लगेच ओलसर लागत नाही, पण पूर्ण भिजल्यावर सावकाश वाळते. मधल्या थराचे काम हवा अडकवून ठेवण्याचे. तो पातळ असला तरी चालतो.

बाहेरच्या थरासाठी जलरोधक जॅकेटच हवे, असे नाही. त्याच्या पटलातून बाष्प बाहेर पडते ते आतील बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच, आणि जोराच्या चढावर घामाचे प्रमाण या निचऱ्यापेक्षा सहज वाढते. कोरड्या थंडीत पुढून वारारोधक आणि पाठीला जाळी असलेले बिनबाह्यांचे जॅकेट अधिक उपयोगी ठरते, कारण वारा छातीवर आदळतो आणि बाष्पाला पाठीकडून वाट मिळते. ते घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात मावते, हेही महत्त्वाचे.

निघताना पहिली काही मिनिटे किंचित गारठा जाणवला पाहिजे; दारातच ऊब वाटत असेल, तर एक थर जास्त झाला आहे. चढाच्या पायथ्याशी, घाम फुटण्यापूर्वीच, जॅकेटची चेन उघडावी आणि माथ्यावर थांबून, उतार सुरू होण्याआधी, ती गळ्यापर्यंत लावावी.