लस घेतली म्हणजे विश्वास बसला, असं नसतं

कोविडच्या काळात आमच्याकडं दोन गोष्टींची पार सरमिसळ झाली, सरकारी दवाखान्याचं ऐकणं आणि त्याच्यावर विश्वास असणं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, दंडावर सुई टोचलेली आणि मोबाईलमधे कोविनचं सर्टिफिकेट.

नोव्हेंबर 2021 आठवतोय का? तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात पहिला डोस 55 टक्क्यांच्या आसपास अडकला होता आणि राज्य 74 वर गेलेलं, म्हणून प्रशासनानं आदेश काढला की एक तरी डोस घेतल्याचं दाखवा, तरच पेट्रोल, गॅस आणि रेशन. आमच्या काकांनी तेव्हाच घेतली, कापसाची वेचणी चालू, गाडीत पेट्रोल नाही, काय करतील बिचारे. हे झालं ऐकणं. ते लगेच आकड्यात दिसतं, साथीत त्याचा उपयोगही होतो, मी त्याला नावं ठेवणार नाही.

मामीचं वेगळं होतं. ती म्हणायची, "मला काही झालं तर लेकराबाळांचं कोण बघंल?" आशाताई तीनदा आल्या, तिसऱ्यांदा ओट्यावर बसून चहा पिता पिता सरळ सांगितलं की मामी, रात्री ताप येईल, अंग ठणकंल, ही गोळी ठेवा, आणि मी उद्या येते. रात्री खरंच ताप आला अन् दुसऱ्या दिवशी आशाताईपण खरंच आल्या. माझ्या मते मामीचा विश्वास लस घेताना नाही, त्या ताप आलेल्या रात्री बसला, कारण त्रास होईल हे आधी सांगितलं होतं आणि तसंच झालं.

याच्या उलट कोविशिल्डच्या दोन डोसमधल्या अंतराचं झालं बघा. आधी 28 दिवस, मार्च 2021 मधे 6 ते 8 आठवडे, मे मधे 12 ते 16. नवीन माहिती आली की नियम बदलणारच, त्यात चूक काहीच नाही, पण गावात कारण कुणी समजावलंच नाही, नुसतं "आज नाही, नंतर या". त्यात लसीचा तुटवडा चालू, मग लोकांनी आपापला अर्थ लावला की साठा संपला म्हणून तारीख पुढं ढकलली.

आणि खरा फरक तर सर्टिफिकेटमधे दिसतच नाही, तो घरात दिसतो. धाकापोटी ऐकणारा माणूस खोकला आला की लपवतो, क्वारंटाईन सेंटरला नेतील म्हणून दुखणं अंगावर काढतो आणि श्वास लागल्यावरच दवाखान्याची पायरी चढतो. विश्वास असलेला पहिल्याच दिवशी फोन करतो. एवढे दिवस आधी कळलं तर केवढा फरक पडतो, हे ज्यांनी दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन बेडसाठी रात्रभर धावपळ केली त्यांना वेगळं सांगायला नको.

जुलै 2022 मधे तिसरा डोस 75 दिवसांसाठी फुकट झाला तेव्हा मामीनं स्वतःच आशाताईंना तारीख विचारली. काकांना मी म्हणलं चला, तर म्हणाले, "आता पंपावर कुठं कोण विचारतंय?"