टोमॅटोविना लाल सॉस

गाजर, लाल भोपळा आणि थोडे बीट शिजवून वाटले की दिसायला हुबेहूब टोमॅटो सॉस तयार होतो. चाखला की मात्र गोडमिट्ट! टोमॅटोची ॲलर्जी असणाऱ्यांच्या पास्त्यासाठी हा सॉस करतात, आणि बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो. रंग जमवणे सोपे असते. खरी उणीव असते आंबटपणाची.

आंबटपणा पीएचमध्ये मोजतात; अंक जितका कमी, तितके आम्ल जास्त. पिकलेल्या टोमॅटोचा पीएच साधारण ४.३ ते ४.६, तर गाजराचा ६ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहा पट. त्या हिशेबाने टोमॅटो गाजरापेक्षा निदान २५ पट आम्लधर्मी ठरतो. म्हणून सॉसमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू हवेच.

पण कधी घालायचे? भाजीच्या पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहजी विरघळत नाही. सुरुवातीलाच लिंबू पिळले तर गाजर कितीही उकळा, कडकच राहते. आमटीत डाळ शिजल्यावरच चिंच घालतात, त्यामागेही हेच शास्त्र. गाजर-भोपळा आधी तेलावर परतून मऊ करावा. त्यांतले कॅरोटीन हे रंगद्रव्य तेलात उतरते आणि केशरी रंग खुलतो. बीटचे उलटे आहे. त्यातल्या बेटॅनिन या लाल रंगद्रव्याला आम्ल मानवते, पण फार वेळ आच लागली की ते तपकिरी पडते. त्यामुळे बीट सालीसकट वेगळे उकडून शेवटी, तेही बेतानेच घालावे. जास्त झाले तर सॉस गुलाबी होतो आणि मातकट लागतो.

उरली ती भरीव चव. पिकलेल्या टोमॅटोत ही चव देणारे ग्लुटामेट मुबलक असते. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळापासून ते वेगळे करून या चवीला 'उमामी' म्हटले. मुरलेल्या पार्मेझान चीजमध्ये ते भरपूर असते. सुकवलेल्या शिताके मशरूममधल्या ग्वानिलेटची जोड मिळाली की ही चव कैकपट वाढते. माझे मत विचाराल तर कांदा नीट तांबूस होईपर्यंत परतण्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही. पाणी आटून तापमान शंभर अंशांच्या बराच वर गेल्याशिवाय तो खमंगपणा येत नाही, त्यामुळे घाई नको.

हा सॉस बाटलीत भरून फडताळात मात्र ठेवू नये. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू ४.६ पेक्षा कमी पीएचमध्ये वाढत नाहीत, आणि जिभेला आंबट लागणारा सॉस त्या रेषेखाली असेलच असे नाही. दोन-तीन दिवसांत संपवायचा तर फ्रीजमध्ये, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये.