नांत

नांत : पश्चिम फ्रान्समधील ल्वार नदीकाठचे बंदरशहर. लोकसंख्या सुमारे ३ लाख २० हजार. अटलांटिक महासागर येथून जवळपास ५० किमी. दूर आहे. ‘पेई द ला ल्वार’ या प्रदेशाची ही राजधानी असली, तरी अनेक नांतकर स्वतःला ब्रिटनीचेच (फ्रान्सच्या वायव्येकडील, पूर्वी ड्यूकांची सत्ता असलेल्या शेजारच्या प्रदेशाचे) मानतात. त्याला आधारही आहे : ब्रिटनीच्या ड्यूकांचा किल्ला याच शहरात असून डचेस ॲन हिचा जन्म येथे १४७७ मध्ये झाला. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने नांतचा जिल्हा ब्रिटनीपासून तोडला. युद्धानंतरच्या प्रदेशरचनेतही तो बाहेरच राहिला. हा वाद अजून मिटलेला नाही.

प्रॉटेस्टंटांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य देणारा फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याचा फर्मान (१५९८) इतिहासाच्या पुस्तकांत ‘नांतचा फर्मान’ म्हणून येतो. तो १६८५ मध्ये रद्द झाला. शहराची घडण मात्र त्यापेक्षा व्यापाराने अधिक केली, आणि तो व्यापार माणसांचा होता. अठराव्या शतकात नांत हे फ्रान्समधील गुलामांच्या व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर होते. येथील जहाजांनी सुमारे साडेचार लाख आफ्रिकी स्त्रीपुरुष अटलांटिकपार नेले. परतताना साखर, कॉफी व कापूस आणला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात दिल्या जाणाऱ्या मालात मालदीवच्या कवड्या होत्या, भारतातले छापील सुती कापडही होते. पुढे नांतमध्येच तसे कापड छापले जाऊ लागले. त्याचे नाव मात्र ‘अँदिएन’, म्हणजे ‘भारतीय’, असेच राहिले.

या पैशातून शहरातल्या, ल्वारच्या पात्रातील फेदो बेटावर जहाजमालकांच्या हवेल्या उठल्या. वाळूवर बांधल्यामुळे त्यांतल्या काही आज चक्क कललेल्या दिसतात. कादंबरीकार ज्यूल व्हर्नचा जन्म याच बेटावरचा (१८२८). बेट आता नावापुरतेच उरले आहे. १९२६ नंतरच्या दोन दशकांत ल्वारचे फाटे बुजवले गेले आणि एर्द्र ही उपनदी बोगद्यातून वळवण्यात आली. होड्या जात तेथे रस्ते झाले.

गुलामगिरीविषयी शहर दीर्घकाळ गप्प राहिले. २०१२ मध्ये नदीच्या धक्क्यावर गुलामगिरी निर्मूलनाचे स्मारक उघडले. वर फरसबंदीत सुमारे २,००० काचफलक बसवले आहेत. बहुतेकांवर गुलामवाहू जहाजांची नावे आणि निघण्याच्या तारखा आहेत. पायऱ्या उतरून खालच्या दालनात गेले की नदीचे पाणी कानाशी येते. जहाजमालकांची नावे असलेले काही रस्ते मात्र तसेच आहेत.

‘एलयू’ कंपनीचे दातेरी कडांचे ‘पती-बर’ बिस्किट (१८८६) नांतचेच. तिच्या जुन्या कारखान्यात आता कलाकेंद्र आहे. आधीची ट्राम १९५८ मध्ये मोडीत काढलेल्या या शहराने १९८५ मध्ये नवी सुरू केली आणि आधुनिक ट्रामच्या बाबतीत फ्रान्समध्ये पहिला मान मिळवला. २०१३ मध्ये ते युरोपची हरित राजधानी ठरले.

१९८७ मध्ये शेवटची जहाजगोदी बंद पडली. हजारोंची रोजीरोटी गेलेल्या त्या जागेत २००७ पासून लाकूड आणि पोलादाचा १२ मी. उंच हत्ती फिरतो : पाठीवर सुमारे पन्नास प्रवासी घेऊन, सोंडेने बघ्यांवर पाणी उडवत. यामागची प्रेरणा व्हर्नची. त्याच्या १८८० च्या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती १८५७ नंतरच्या उत्तर भारतातून घर ओढत जातो. तिच्यातला खलनायक आहे नानासाहेब पेशवे.