ख्रिश्चन विच हा प्रकार आला कुठून? सामान जुनं, पाटी नवी

१९४६ साली जेराल्ड गार्डनर नावाचा एक रिटायर्ड इंग्रज, मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून परत आलेला, 'एन्शंट ब्रिटिश चर्च' नावाच्या एका चिमुकल्या चर्चचा पाद्री झाला, दीक्षा वगैरे घेऊन. आणि हाच तो गार्डनर ज्याने १९५४ मध्ये पुस्तक लिहून जगाला सांगितलं की इंग्लंडात विच लोकांचा जुना धर्म अजून जिवंत आहे आणि मी त्यातलाच एक आहे. आज ज्याला विक्का म्हणतात त्याचा हा बाप. आता काही लोक येशूलाही मानतात आणि विक्कासारखे विधीही करतात, स्वतःला 'ख्रिश्चन विच' म्हणवतात. त्यामुळे 'ख्रिश्चन असून विच कसं काय असू शकतं?' असा वाद कुठे सुरू झाला की मला आधी गार्डनर आठवतो.

आधी शब्दाचं बघू, कारण मराठीत इथेच गाडी अडते. विच म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चेटकीण येते, मराठी बायबलातही निर्गम २२:१८ मध्ये तिला जिवंत ठेवू नका असंच आहे, आणि आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या बातम्या आजही येतात, म्हणजे हा शब्द दुसऱ्यावर फेकायचा असतो, स्वतःला लावून घ्यायचा नसतो. विक्कावाले तो मुद्दाम स्वतःला लावतात. त्यांचं म्हणणं साधारण असं की निसर्ग पवित्र आहे, एक देवी आहे आणि एक शिंगवाला देव आहे, वर्षाचे आठ सण आहेत, रिंगण आखून विधी करायचे आणि कुणाचं नुकसान होत नसेल तर हवं ते करायचं. सैतान यात नाही. सैतान हे पात्रच मुळात चर्चच्या गोष्टीतलं, ते मानायचं तर आधी बायबल मानावं लागेल.

आता मागे जाऊ, चांगलं हजार वर्षं मागे. अँग्लो-सॅक्सन इंग्लंडातला एक विधी लिहून ठेवलेला सापडतो, 'एकरबोट' नावाचा, जमीन पिकेनाशी झाली की करायचा. उजाडायच्या आत शेताच्या चार बाजूंनी गवतासकट मातीची चार ढेकळं कापून काढायची, त्यांच्या खालच्या अंगाला तेल, मध, खमीर, त्या जमिनीवरच्या प्रत्येक गुराचं दूध आणि चर्चचं पवित्र पाणी तीनदा शिंपडायचं, मग ती ढेकळं उचलून चर्चमध्ये न्यायची, हिरवी बाजू वेदीकडे करायची, आणि पाद्रीबाबांनी त्यांच्यावर चार मिसा (प्रभुभोजनाच्या उपासना) म्हणायच्या. मग लाकडाचे चार क्रॉस, त्यांच्यावर मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूची चरित्रं लिहिणाऱ्यांची नावं, ते खड्ड्यात ठेवून सूर्य मावळायच्या आत ढेकळं जागच्या जागी परत. नंतर नांगर धरताना 'एर्के, एर्के, एर्के, धरणीची आई' अशी हाक मारायची, आणि नांगराच्या पहिल्या चरात सगळ्या प्रकारच्या पिठांची, दुधात आणि पवित्र पाण्यात मळलेली तळहाताएवढी भाकर पुरायची. ही एर्के नक्की कोण यावर पंडितांचं अजून एकमत नाही. पण गंमत बघा, यात कुठे काही चोरून नाहीये, चर्च आणि पाद्री दोघंही विधीतच आहेत. करणाऱ्याला आपण दोन धर्म मिसळतोय असं वाटलंही नसेल, त्याला पीक हवं होतं.

त्याच सुमाराची चर्चची भूमिकाही आजच्या समजुतीपेक्षा वेगळी होती. ९०६ च्या आसपासचा 'कॅनन एपिस्कोपी' नावाचा एक मजकूर आहे, त्यात म्हटलंय की काही बायकांना वाटतं आपण रात्री डायना या रोमन देवीबरोबर प्राण्यांवर बसून फिरतो, तर हा भ्रम आहे, असं काही घडत नसतं. चेटकिणी खऱ्या आहेत आणि सैतानाशी करार करतात हे डोक्यात पक्कं बसलं ते नंतर, आणि मग साधारण १४५० ते १७५० या काळात युरोपात ४० ते ६० हजार माणसं मारली गेली, बहुतेक बायका. (इंग्लंडात जाळत नव्हते बरं का, फाशी द्यायचे.)

एवढं सगळं होऊनही गावागावातले मंत्र टाकणारे, हरवलेली वस्तू सांगणारे, गुरांची दृष्ट काढणारे लोक होतेच. इंग्लंडात त्यांना 'कनिंग फोक' म्हणत. त्यांचे मंत्र बघितले तर स्तोत्रं, प्रभूची प्रार्थना, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव, हेच सगळं. ते स्वतःला विच म्हणवून घेत नव्हते, उलट विचने केलेली करणी उतरवणं हाच त्यांचा धंदा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गेलेल्या जर्मन लोकांनी हेच सोबत नेलं, तिथे त्याला 'पाववाव' म्हणतात, आणि योहान गेओर्ग होमान याने १८२० मध्ये अशा तोडग्यांचं पुस्तकच छापलं. ताप, जखमेचं रक्त थांबवणं, चोराला जागेवर खिळवणं, प्रत्येकाला मंत्र, आणि पुष्कळ मंत्रांच्या शेवटी तीन क्रॉस. हे नुसतं पुस्तक जवळ बाळगलं तरी संरक्षण मिळतं असं त्यातच छापलेलं. १९२८ मध्ये यॉर्क काउंटीत जॉन ब्लायमायर नावाच्या माणसाला वाटलं की नेल्सन रेमायर या शेतकऱ्याने आपल्यावर करणी केलीय, उतारा म्हणून रेमायरकडची त्या पुस्तकाची प्रत आणि त्याच्या केसांची बट आणायला तो दोन साथीदार घेऊन गेला आणि तिथे रेमायरचा खून झाला. मारणारा आणि मरणारा दोघंही ख्रिश्चन, दोघंही पाववाववाले.

मग विक्का चर्चच्या विरोधात आहे ही कल्पना आली कुठून? तर ती बरीचशी मार्गारेट मरेबाईंकडून. या इजिप्तच्या अभ्यासक, जन्म १८६३ चा, कलकत्त्याचा. १९२१ मध्ये त्यांनी मांडलं की ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं ते ख्रिस्तपूर्व जुन्या धर्माचे लोक होते आणि तो धर्म लपूनछपून चालू होता. इतिहासकारांनी पुढे हा सिद्धांत पार मोडीत काढला, पण गोष्ट भारी होती आणि गार्डनरने ती उचलली. १९५१ मध्ये इंग्लंडातला विचक्राफ्टचा जुना कायदा रद्द झाला, त्यामुळे उघड बोलायची सोय झाली.

पण गार्डनरच्या 'जुन्या धर्मात' सामान कुठलं होतं ते बघा. त्याच्या मंडळाची बैठकीची जागा म्हणजे लाकडी चौकटीची एक झोपडी, ती त्याला मिळाली जे. एस. एम. वॉर्डकडून. हा वॉर्ड लंडनजवळ न्यू बार्नेटला एक ख्रिस्ती मठ आणि त्याला जोडून एक लोकजीवनाचं म्युझियम चालवायचा, तिथे ही झोपडी 'चेटकिणीचं घर' म्हणून मांडलेली होती! वॉर्डला सायप्रसला जायचं होतं, गार्डनरची तिथे जमीन होती, अदलाबदल झाली, झोपडी सुटी करून ब्रिकेट वूडच्या नग्नवाद्यांच्या क्लबात नेऊन उभी केली. विधीत वापरायचा काळ्या मुठीचा सुरा आला 'की ऑफ सॉलोमन' या जुन्या जादूच्या पोथीतून, जिच्यात पानोपानी देवाची प्रार्थना आणि स्तोत्रं आहेत. काही सणांची नावंसुद्धा चर्चचीच. २ फेब्रुवारीचं कँडलमस म्हणजे मेणबत्त्या मंतरायचा सण, १ ऑगस्टचं लॅमस म्हणजे 'पावाची मिस', नव्या गव्हाचा पहिला पाव वेदीवर. (गोव्यात रायच्या चर्चला ५ ऑगस्टला कणसाचं फेस्त असतं, भाताची पहिली कणसं पाद्री आशीर्वाद देऊन घेतो. लॅमस कळायला मला तरी ते जास्त उपयोगी पडलं.)

रिंगणातल्या चार दिशा आखण्याचंही तसंच. १८८८ मध्ये लंडनला 'गोल्डन डॉन' नावाची जादूचे विधी करणारी गुप्त मंडळी सुरू झाली, त्यांच्या विधीत पूर्वेला राफाएल, दक्षिणेला मिखाएल, पश्चिमेला गाब्रिएल आणि उत्तरेला उरिएल अशा देवदूतांना हाक मारतात, आणि त्याआधी अंगावर क्रॉस काढताना जे हिब्रू शब्द म्हणतात ते म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट, राज्य, सामर्थ्य, गौरव सर्वकाळ. विक्काने दिशांना हाक मारणं ठेवलं आणि देवदूत काढून टाकले. आजचे ख्रिश्चन विच तेच देवदूत परत जागेवर बसवतात, म्हणजे एका अर्थी ते नवीन काहीच करत नाहीयेत.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत स्त्रीवादी चळवळ आणि देवीपूजा एकत्र आली आणि मग विक्का आणि चर्चमधला दुरावा खरा वाढला, ९० लाख चेटकिणी जाळल्या असला फुगवलेला आकडा सर्रास फिरायला लागला. आणि त्याच वेळी चर्चच्या आतल्या बायका विचारायला लागल्या की देव बाप आहे तर आई कुठंय. हिब्रूत आत्म्याला 'रुआख' म्हणतात, तो शब्द स्त्रीलिंगी, आणि बायबलातल्या नीतिसूत्रे ८ मध्ये ज्ञान एका बाईच्या रूपात बोलतं, ग्रीकमध्ये तिला सोफिया. १९९३ मध्ये मिनिआपोलिसला 'री-इमॅजिनिंग' नावाची परिषद झाली, दोनेक हजार लोक, बहुतेक बायका, तिथे सोफियाचं नाव घेऊन दूध आणि मधाचा विधी झाला आणि नंतर असा गदारोळ उठला की प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट चर्चमधल्या एका वरिष्ठ बाईंना पद सोडावं लागलं. या बायका विक्कन नव्हत्या. तरी शिक्का तोच बसला.

२००३ च्या सुमारास मग 'ट्रिनिटेरियन विक्का' अशी सरळ पाटी लावून लिहिणारे आले, पिता, पुत्र आणि स्त्रीरूपी पवित्र आत्मा, मरियेला देवीचा मान, बाकी रिंगण आणि आठ सण विक्काचे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या वेबसाइटवर बायकांसाठीची एक प्रभुभोजनाची विधी आली, ती लिहिणारं पाद्री जोडपं ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्ट पुरोहितांची परंपरा मानणाऱ्या, मंडळींत वावरतं हे बाहेर आलं, विधी काढून टाकली गेली, नवऱ्याने पुढे आपल्या चर्चचं काम सोडलं.

ख्रिश्चन विचना दोन्हीकडून बोलणी खावी लागतात ती अशी. चर्चवाले बायबलातल्या 'अनुवाद' पुस्तकाचा १८ वा अध्याय दाखवतात, शकुन, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं सगळं वर्ज्य, आणि तिथे पळवाट काढणं खरंच अवघड आहे, मग हे ख्रिश्चन विच येशूच्या जन्माच्या गोष्टीतल्या पूर्वेच्या ज्ञानी लोकांकडे बोट दाखवतात की ते तारा बघूनच आले होते ना. गार्डनरच्या परंपरेतले कट्टर विक्कन म्हणतात की दीक्षा नाही, देव-देवीची जोडी नाही, मग याला विक्का म्हणू नका, दुसरं काहीही म्हणा. मला इथे विक्कनांचा मुद्दा जास्त पटतो, कारण त्यांचा वाद नावाचा आहे, आणि म्हणूनच बरेच जण आता विक्का शब्द सोडून 'ख्रिस्तोपेगन' (ख्रिस्ती आणि पेगन, म्हणजे जुन्या देव-देवी मानणारा, दोन्ही) नाहीतर नुसतं 'ख्रिश्चन विच' म्हणतात. घरात एका टेबलावर मरियेची मूर्ती, जपमाळ, मीठ, पाणी, पांढरी मेणबत्ती, आणि अडचण आली की बायबलातलं २३वं नाहीतर ९१वं स्तोत्र, तीनदा, मेणबत्ती विझवायच्या आधी.