गुरांच्या श्वसनविकारांवरील औषधोपचार (गोवा)

गुरांचा खोकला, धाप व फुप्फुसदाह यांवर पशुवैद्यक देतात ती औषधे आणि ती देण्याची रीत. गोव्यात या विकारांचा जोर पावसाळ्यात असतो. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. झड आत येऊ नये म्हणून गोठा चहूबाजूंनी झाकला की ओल्या शेणामुताचा अमोनिया आतच कोंडतो. त्याने श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि एरवी नाकाघशात निमूट राहणारे जीवाणू फुप्फुसात उतरतात.

निरोगी गाईचे तापमान १०१.५° फॅ.च्या आसपास असते. ताप १०४° फॅ.च्या वर गेला, खोकला ओला झाला आणि जनावराने चारा सोडला, तर जीवाणुजन्य फुप्फुसदाह धरून प्रतिजैविक सुरू करतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन व सेफ्टिओफर ही नेहमीची औषधे होत. दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची मात्रा किलोमागे २० मिग्रॅ. असते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून जर्सी संकरित गाईचा हिशेब लहान चणीच्या श्वेतकपिलेला, म्हणजे गोव्याच्या स्वतःच्या पांढऱ्या गाईला, लावता येत नाही. दुसऱ्या दिवशी गाय रवंथ करू लागली म्हणून पुढची इंजेक्शने टाळणे ही सर्वांत महागात पडणारी काटकसर.

घटसर्पात एवढा अवधीही मिळत नाही. पाश्चुरेला मल्टोसिडा या जीवाणूमुळे गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि जनावर अनेकदा दिवसभरात दगावते. म्हशी जास्त बळी पडतात. शिरेतून सल्फाडिमिडीन किंवा इतर प्रतिजैविक अगदी सुरुवातीला मिळाले तरच उपयोग होतो. खरा भरवसा पावसाआधी टोचलेल्या लशीचा.

ताप व दाह उतरवण्यासाठी मेलॉक्सिकॅम देतात. पूर्वी डायक्लोफिनॅक सर्रास वापरत. ते टोचलेल्या जनावराचे मृत शरीर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, म्हणून २००६ मध्ये केंद्राने त्याच्या पशुवापरावर बंदीचे पाऊल उचलले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने धाप चटकन कमी झाल्यासारखी वाटते, पण त्याने प्रतिकारशक्ती दबते आणि गाभण गाय, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, गाभ टाकू शकते.

प्रत्येक धाप प्रतिजैविकाची नसते. फुप्फुसातील जंतांवर लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिन लागते. डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) ढोलासारखी फुगली असेल तर दोष पोटफुगीचा, फुप्फुसाचा नव्हे. मे महिन्याच्या दमट उकाड्यात तोंड उघडून धापणाऱ्या संकरित गाईला आधी सावली, वारा आणि अंगावर पाणी हवे. काही वेळा तर उपचारच रोग होतो: मान वर ओढून नळकांड्याने काढा ओतला की ठसका लागून तो फुप्फुसात जातो, आणि त्यातून होणारा फुप्फुसदाह हटवणे फार कठीण.

प्रतिजैविक चालू असताना, आणि नंतर वेष्टनावर दिलेली मुदत संपेपर्यंत, दूध डेअरीला घालत नाहीत. अशा दुधाला विरजणही नीट लागत नाही.